नाव दिलेले नाही

१२ डिसेंबर
लग्न होऊन डिचोलीला आले. घर ऐसपैस, मागे माड-पोफळींचं कुळागर. सासूबाई पद्मावती मायाळू आहेत, सारख्या खायला घालतात. गौरेशने ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, देवकी. जुन्या वळणाचं वाटलं, पण हौस त्यांची. फोंड्यातल्या माझ्या मैत्रिणींचीही नावं बदलली, कोणाचं काही बिघडलं नाही.

१६ डिसेंबर
कंपनीचं काम घरूनच सुरू केलं. एक छोटी स्क्रिप्ट लिहितेय, चालवणाऱ्याला नावाने नमस्कार करणारा प्रोग्राम. तिला नाव दोन वाटांनी कळतं. चालवताना आदेशापुढे आपण लिहिलं तर ते आर्ग्युमेंट. नाही लिहिलं, तर लॅपटॉपच्या एन्व्हायरन्मेंटमध्ये आधीच ठरलेलं असेल ते ती उचलते. आज काही न लिहिता चालवली. ‘नमस्कार, देवकी.’ गौरेशवर लटकी रागावले, माझ्या लॅपटॉपला हात लावलास म्हणून. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही म्हणे.

१९ डिसेंबर
सेटिंग बदलून माझं माहेरचं नाव, अश्विनी केलं. बंद करून उघडलं तर पुन्हा देवकी. शेजारच्या सुमनकाकीला गंमत म्हणून सांगितलं. ती म्हणाली, ‘ह्या घरात सून म्हणजे देवकीच गो. आदली पण देवकीच.’ गौरेशचं आधी लग्न झालं होतं, हे मला असं कळलं. राग यायला हवा होता, आला नाही. तिचं माहेरचं नाव विचारलं. काकीने खूप आठवून पाहिलं. माहेरचं कोणी कधी विचारायलाच आलं नाही, म्हणाली.

२३ डिसेंबर
सेटिंगचा नाद सोडला. आदेशापुढे स्वतःच लिहिलं, अश्विनी. आर्ग्युमेंटपुढे एन्व्हायरन्मेंटचं काही चालत नाही, मीच तसं लिहिलंय. उत्तर आलं, ‘नाव दिलेले नाही. घरचे वापरत आहे.’
हे वाक्य माझं नाही.
सासूबाईंनी देवकी म्हणून हाक मारली. मी लगेच ओ दिली.

२७ डिसेंबर
गौरेशला विचारलं, आदली कुठे गेली. तो म्हणाला, कुठे जाईल, इथेच तर आहेस —
भीती वाटते. वाटायला हवी. नुसतं जड वाटतं.

२९ डिसेंबर
आधारकार्डावर देवकी. फोटो माझा. मी बदललेलं नाही —
माहेरी जायचं. आई तरी मला माझ्या नावाने —

३० डिसेंबर
आईला फोन लावला. कोण बोलतंय, म्हणाली. म्हटलं, मी. कोण मी?
ती थांबलीय. फोन कानालाच आहे. लिहिलं की नाव आठवेल. आई, मी