सोमवारचा स्नॅपशॉट

३ जून, सोमवार
बायकोच्या दातांच्या दवाखान्यातलं अपॉइंटमेंटचं जुनं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालेना. म्हणून मी कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर उभा केला. व्हर्च्युअल मशीन. आत जुनी सिस्टिम, मजेत. लगेच स्नॅपशॉट घेतला, म्हणजे मशीनचा जसाच्या तसा फोटो. बिघडलं की या क्षणाला परत. दर तासाला एक घ्यायचा, असंही लावून ठेवलं. बायको म्हणाली, माणूस बोलवू का? घरात माणूस असताना?

५ जून
आतली सिस्टिम कोसळली. सोमवारचा स्नॅपशॉट लावला, चार मिनिटांत टुणटुणीत. मेहुण्याला फोनवर सांगितलं. म्हणाला, दाजी, आधी लॉग बघा, मशीन स्वतः लिहिते ती डायरी, का पडली ते कळेल. नुसता शहाणपणा. खबरदारी वाढवली: स्नॅपशॉट आता दर अर्ध्या तासाला.

६ जून
एका खुर्चीसाठी तीन पेशंट, नोंद एकाचीही नाही. काउंटरवरच्या बाई म्हणतात, मी स्वतः टाइप केल्या होत्या. वीस वर्षं काउंटर सांभाळला, आता विसरायला लागल्या. वय.

७ जून, दुपारी
पुन्हा कोसळली. पुन्हा सोमवारचाच लावला, ताज्या स्नॅपशॉटवर माझा भरवसा नाही. ३ मिनिटं ४० सेकंद. हात बसला.

१० जून
दिवसात चारदा कोसळली. संकल्प: उद्या लॉग.

११ जून
लॉग राहिला. बायकोला सांगितलं, मशीन ठणठणीत आहे, बाईच नोंदी करत नाहीत. तिनं बाईंना विचारलं. त्यांनी ड्रॉवरमधला चष्मा, स्वेटर पिशवीत भरला आणि गेल्या. वाईट वाटलं. पण शिस्त म्हणजे शिस्त.

१२ जून, दुपारी २
काउंटरवर मी. जेवताना कोसळली, स्नॅपशॉट लावला. सकाळी मीच टाइप केलेल्या अठरा नोंदी गायब. माझं तर वय झालेलं नाही.

संध्याकाळी ७
लॉग बघितला. डिस्क भरली म्हणून पडत होती. कशानं भरली? स्नॅपशॉट, शंभरावर. खाली ओळ: सोमवारच्या स्थितीत नेले, नंतरच्या सर्व नोंदी रद्द. चौदा वेळा. करणारा: मी.
लाज वाटली. बायकोला सांगायला अर्धा तास लागला.

१३ जून
बाईंच्या घरी जाऊन माफी मागितली. येते म्हणाल्या, पण नोंदी कागदी वहीत, आणि साहेब काउंटरच्या आत नकोत. मी विचार करून सांगतो म्हणेपर्यंत बायको हो म्हणाली होती.
आज वहीत तेवीस नोंदी. पेशंटांच्या बाकावरून मला एवढंच दिसलं.