नळीच्या टोकाची फट

३ जून

ती. ताईस,
सा. न. हात दोनदा धुऊन बसलो आहे, तरी कागदाला प्लास्टर लागलं तर रागवू नकोस.

सध्या कारखान्यात नर्सिंग शाळेसाठी प्लास्टरचे बारा नमुने करतोय. बाईच्या पोटातले, मूल होण्याचे अवयव. पहिले दोन दिवस मी ते वर्तमानपत्राखाली झाकून रंगवले. मालक म्हणाले, लेका, जिथून आलास तेच झाकतोस होय! मग झाकणं सोडलं. मुठीएवढं गर्भाशय, दोन बाजूंना दोन नळ्या आणि बदामाएवढी दोन अंडाशयं. हे सगळं इतकं लहान असेल असं वाटलं नव्हतं.

पण घात झाला. नळीचं झालरीसारखं टोक आणि अंडाशय यांच्यात बारीक फट होती. मला वाटलं, साचा चुकला. बाराही नमुन्यांत ती फट रंगाऱ्याची लांबी भरून बुजवली, घासून गुळगुळीत केली. शाळेच्या बाईंनी बाराही परत पाठवले. नळी अंडाशयाला चिकटलेली नसतेच म्हणे. अंडं सुटलं की झालर वाकून ते टिपून घेते. आता बारा फटी कानशीने कोरतोय.

तुझं पत्र का नाही? डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलीस ना? माझ्यावर लोभ आहेच, चार ओळींचा त्रासही घे.

तुझा धाकटा


१४ जून

चि. शंकासुरास,
अ. आ. बारा फटी बुजवणारा माझाच भाऊ, हे कुणी न सांगताही ओळखलं असतं.

गेले नाही. तपासणीची चिठ्ठी पिठाच्या डब्याखाली आहे. तुला माहीतच आहे, पहिल्या खेपेला गर्भ उजव्या नळीतच राहिला, म्हणून ती नळी काढली. मग गाठीपायी डावं अंडाशय गेलं. म्हणजे माझ्याकडे एका बाजूला दार आणि दुसऱ्या बाजूला पाहुणा. उरलेली नळी मोकळी आहे की नाही, ते बघून करायचंय काय?

यांना म्हटलं, अजून वेळ गेली नाही, दुसरी बघा. हे दोन दिवस जेवले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी माझ्या चपलेचा तुटलेला पट्टा शिवून आणला. त्यापेक्षा भांडले असते तर बरं झालं असतं.

आईला यातलं कळवू नकोस. जपून राहा.

तुझी ताई


२२ जून

ती. ताईस,
सा. न. तुझं नाव न घेता शाळेच्या बाईंना विचारलं. कान तापले होते, पण विचारलं. त्या म्हणाल्या, दोन्ही अंडाशयं गर्भाशयाच्या मागच्या अंगाला असतात, एकमेकांपासून फार लांब नाहीत. नळी चिकटलेली नसते, म्हणूनच एका बाजूचं अंडं कधीकधी दुसऱ्या बाजूची नळी टिपते. होईलच, असं त्या म्हणाल्या नाहीत. होऊ शकतं, म्हणाल्या. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच म्हणाल्या. नळी मात्र मोकळी हवी.

सोबतच्या खोक्यात तेरावा नमुना आहे. सुट्टीच्या दिवशी बसून केला. त्यात उजवी नळी आणि डावं अंडाशय बसवलेलं नाही. डावी नळी मागून उजवीकडे वळवली आहे. टोकाशी फट ठेवली आहे. बुजवायला हात शिवशिवत होते, पण आवरलं.

डब्याखालची चिठ्ठी काढ. भावजींना घेऊन जा. त्यांना नमस्कार.

तुझा धाकटा


६ जुलै

चि. शंकासुरास,
अ. आ. काल गेले होते. हेही आले. तुझा नमुना टॉवेलात गुंडाळून यांनी मांडीवर इतका सांभाळून धरला, की शेजारच्या बाकावरच्या आजीबाईंना तान्हं मूलच वाटलं. उकडेल त्याला, तोंड उघडं ठेवा, म्हणाल्या. यांनी मुकाट्याने टॉवेल जरा बाजूला केला. आजीबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं. किती दिवसांनी हसलो आम्ही दोघं!

नळी मोकळी आहे. पुढचं कुणी सांगू शकत नाही, डॉक्टरीणबाईसुद्धा नाही. वाट बघा, म्हणाल्या. बघू. आता दोघं मिळून बघू.

नमुना डॉक्टरीणबाईंनी उलटसुलट करून पाहिला. कुणी केला, विचारलं. आठवीत शाळा सोडलेल्या माझ्या भावाने, म्हटलं. खिडकीपाशी नेऊन पुन्हा पाहिला. म्हणाल्या, फट अगदी बरोबर ठेवली आहे.

तुझी ताई