चार फूट दहा इंच

रविवार, ५ सप्टेंबर १९३७. गोंदिया.

शिट्टी मिळाली! पितळेची. कुंडूबाबूंचा गुडघा गेला — उठता येत नाही, बसता येत नाही. म्हणाले, "उमराव, तुम दौड़ता अच्छा है, तुम रेफरी हो जाओ." मालधक्क्यावर ते बाबू आणि मी हमाल, नाही कसं म्हणणार? फुटबॉलच्या नियमांचं पुस्तक इंग्रजीत. माझी चौथी झालेली, तीही केशोरीच्या शाळेत. ते वाचतात, मी ऐकतो. ऑफसाइड तीनदा सांगितलं. अजून कळलेलं नाही.

पोरांच्या टीम उंचीनं ठरतात, कारण जन्माची तारीख कोणाकडेच नाही. चार फूट दहा इंचांवर गेला तो बाहेर. बांबूच्या काठीवर खाच आहे, पोराला तिच्याशी उभं करून मोजायचं. मोजायचं कामही माझंच. जी टीम जिंकेल तिला कुंडूबाबू नागपूरला खेळायला नेणार.

६ सप्टेंबर

दिवसभर शिट्टी वाजवली. मुकादमानं पोत्यामागून दगड मारला.

१२ सप्टेंबर

पहिला सामना. यार्डातली पोरं आणि गिरणीतली पोरं. पोरांचं काही नाही, पडतात, उठतात. त्यांचे बाप! रेघेबाहेर उभे राहून — "डोळे फुटले का बे तुये?" "कोणाचं खाऊन आला?" एकानं तर माझ्या आजीपासून सुरुवात केली. मीही उलटून दोन शब्द हाणले. त्यात सामना थांबला, चेंडू एकटाच नाल्यात गेला.

कुंडूबाबू चिडले. "शीटी मुँह में रखो. मुँह भरा रहेगा तो गाली नहीं निकलेगा." बरोबर आहे की! शिट्टी दातात असली की उलट बोलताच येत नाही.

येताना एक अस्वलवाला दिसला, त्याच्या मागे रेल्वेफाटकापर्यंत गेलो. जेवण राहिलं.

१९ सप्टेंबर

रात्रभर पाऊस. मैदान म्हणजे धानाच्या रोवणीची बांधी! यार्ड आणि बिरसी गावची पोरं. काठी उभी राहत नव्हती, म्हणून दगडानं ठोकून बसवली. एकेक पोरगा मोजला. बिरसीचा टिकाराम दीड बोट वर. त्यांचा सर्वांत चांगला खेळाडू. मी म्हटलं — बाहेर.

त्याची आई मनकर्णाबाई मैदानावर लाह्या-फुटाणे विकते. टोपली खाली ठेवून आली. "काऊन बे? रोज माया खांद्याशी उभा राहते पोट्टा, मले मापून माहीत नाही? आणि तुले एका काठीनं समजलं?" मी शिट्टी दातात धरली. मग तिनं पूर्ण सामनाभर सोडलं नाही. "अरे ओ काठीच्या! तुही शिट्टी जळो! तुले मापाले चार माणसं येवो!" लोक हसून राहिले होते. फुटाणेही जास्त विकले असतील.

बिरसी एका गोलनं हरली. टिकाराम मैदानाबाहेर चिखलात बसून होता. रडला नाही. गवत उपटत होता.

२० सप्टेंबर

जबलपूरची गाडी पाहून आलो. ओळखीचा फायरमन आहे, बसू देईल. मी कुठंच सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकलो नाही. दंडार खेळणाऱ्या नाटकवाल्यांकडे चार, बिडीच्या पानांवर दोन. इथंही झालेच की पाच.

२६ सप्टेंबर

आता मनकर्णाबाई दुसऱ्या गावांच्या सामन्यालाही येते. "आला काठीच्या!" बाकीच्यांनी तेच नाव उचललं. धक्क्यावरही. चेंडूकडे पाहायचं, तोंडाकडे नाही — जमतं आता, अर्धंमुर्धं.

तिचे फुटाणे मात्र चांगले असतात. एका पोराला पाठवून मागवले. तिला कळलं असावं. खडे निघाले!

७ ऑक्टोबर

बाबूंच्या अंगणातल्या झाडाचे पेरू पाडायला काठी घेतली. उलटी धरली. खालच्या टोकाला माती वाळलेली. दोन बोटं, गोल, पेराच्या खालपर्यंत.

पेरू तसाच राहिला.

ती काठी त्या पावसानंतर कोणी जमिनीत घातलीच नाही. पुढचे सामने स्टेशनच्या फरशीवर मोजले होते. म्हणजे बिरसीच्या दिवशी काठी दोन बोटं चिखलात गेली. खाच दोन बोटं खाली आली. टिकाराम दीड बोट वर. म्हणजे तो अर्धं बोट खालीच होता! बसत होता तो!

आणि मी कोहळी जातीचा पोरगा. आमच्या सात पिढ्या तलावाची पाळ बांधून राहिल्या. बाबा पाण्यात काठी टाकायचे आणि दर वेळी म्हणायचे, "गाळ वजा कर रे, उमराव. गाळ वजा केल्याबिगर पाणी समजत नाही." हजारदा ऐकलं असेल.

८ ऑक्टोबर

साडेनऊची गाडी गेली. मी नाही गेलो. कुंडूबाबूंना अजून सांगितलं नाही.

१० ऑक्टोबर

आज शेवटचा सामना होता. यार्ड आणि गिरणी. नाणं उडवायच्या आधी मधोमध गेलो आणि सांगितलं. काठी दाखवली. "बिरसीचा टिकाराम बसत होता. माझी चूक."

 मग यार्डातले बाप — "आता काऊन सांगून राहिला बे? बिरसीवाल्यांनी चारलं का तुले?" एकानं चप्पल मारली, लागली. वाटलं होतं, खरं बोललं की कमी होईल. दुप्पट झालं! मनकर्णाबाई टोपलीजवळ उभी. "आता बोलून काय करतं, काठीच्या? पोट्टा तीन दिवस जेवला नाही माया."

मी शिट्टी कुंडूबाबूंसमोर धरली. त्यांनी घेतली नाही. म्हणाले, आजचा सामना राहू दे, आधी यार्ड आणि बिरसी पुन्हा खेळतील. "मापेगा भी तुम, बजाएगा भी तुम." पण धान कापणीला आलेलं, बिरसीची पोरं बांधीत. म्हणून दिवाळीनंतर, बिरसीची मंडई भरते त्या जत्रेच्या दिवशी.

तोपर्यंत थांबावं लागणार.

३१ ऑक्टोबर

फायरमन विचारत होता, येतो का. नाही म्हटलं. पुढच्या महिन्यात बघू.

टिकाराम धक्क्यावर आला होता. पोत्यावर बसून गाड्या पाहत राहिला. जाताना म्हणाला, "नागपूरले किती टेसनं लागते?" मी मोजून सांगितली. दोन चुकली असतील.

१४ नोव्हेंबर. बिरसी.

काठी विटेवर ठेवली. टिकाराम उभा राहिला. सूतभर वर.

तीनदा मोजलं. तो गुडघे वाकवून राहिला होता — सरळ उभा राहा म्हटलं, राहिला. दोन महिन्यांत वाढला पोरगा! तेव्हा बसत होता, आज बसत नाही. यार्डाचा कप्तानही म्हणाला, "असू द्या ना." कुंडूबाबू मंडईच्या पाळण्याकडे पाहत होते.

मी म्हटलं — बाहेर.

मनकर्णाबाई टोपली ठेवून आली. मी शिट्टी दातात धरली. तिनं पोराच्या डोक्यावर तळवा आडवा धरला, सरकवत काठीपर्यंत नेला. खाचेच्या वर टेकला. मग पोराला आपल्या खांद्याशी उभं केलं आणि पाहतच राहिली.

"बाप्पा," म्हणाली, "माया ध्यानातच नाही आलं."

सामना संपेपर्यंत मी तिच्या शिवीची वाट पाहिली. आली नाही.