पाठ टेकल्यानंतर

बिबवेवाडी, पुणे

ती. आबांना उत्पलाचा जयभीम.

डोळ्याखालची सूज उतरली. भाकरी चावता येते, आईला सांगा. तुमचा गुडघा कसा आहे?

तुमचा निरोप मिळाला. "एमएमएचे नियम पैलवानांच्या सोयीचे. तू लाथा मारणारी पोर, हरलीस, आता घरी ये." नियमांचं खरं आहे, इथे लाथा-ठोशांसोबत कुस्तीही चालते. समोरची पैलवान होती; पहिल्या फेरीत तिने मला खाली दाबून ठेवलं, आणि पंचांनी ती फेरी तिला दिली.

पण मोबाईलवर लढत बघताना माझी पाठ टेकताच तुम्ही तो बंद केलात, असं आई म्हणाली. आबा, तुमच्या आखाड्यात तिथे कुस्ती संपते. इथे पुढच्या फेरीला दोघींना पुन्हा उभं करतात. तोही नियमच. उरलेल्या दोन्ही फेऱ्या मी जिंकल्या.

घरी येणार नाही. पुढच्या लढतीला मी पैलवानच मागितली आहे.

तुमचीच,
उत्पला