सोबतीचं एक नाव

३ डिसेंबर
ग.चं विमानाचं कार्ड सोनेरी झालं. इतरांसमोर नवऱ्याचं कौतुक करत नाही, इथं करते. दवाखान्यांची मशीनं दुरुस्त करायला दर आठवड्याला नागपूरहून उडतो, त्याचं हे फळ. आता गर्दीच्या आधी विमानात चढायचं, बॅगेला वरच्या कप्प्यात हमखास जागा. शिवाय सोबतीचं एक नाव जोडता येतं. त्या माणसालाही आधी चढायला मिळतं. एकच नाव. मी आज कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सांगूनही टाकलं. घाई नडते माझी.

५ डिसेंबर
नाव जोडलं म्हणाला. बघू म्हटलं. मोबाइलवर माझ्या जाऊबाईंचं नाव, आडनावासकट. आडनाव आमचं एकच, तेवढाच माझा वाटा.
"पल्लवीच्या बाळंतपणाले बंगलोरले जाचं आहे ना. वहिनी पह्यल्यांदाच विमानात बसून राह्यली. घाबरून जाईन ती."
पल्लवी म्हणजे जाऊबाईंची लेक. मी म्हटलं, बरोबर आहे. बरोबरच आहे, त्याचाच तर राग. चूक असती तर भांडता आलं असतं.

११ डिसेंबर
जाऊबाईंचं सामान आणायला समुद्रपूर. मोठे भाऊजी येणार नाहीत, वांग्यांची तोडणी चालू आहे. ग. पोचल्या पोचल्या चुलीपाशी, पाटावर. वय चाळीस! आई गेली तेव्हा तो चौथीत होता, जाऊबाईंनीच वाढवला. लग्न झाल्यापासून ऐकते आहे, मान्यही आहे. पण त्यांच्या ताटातली भाकरी मोडून खाल्ली. घरात स्वच्छ ताटं नव्हती का? माझ्या ताटाला कधी हात लावलेला नाही.
"वहिनी, तू माह्यासंग पह्यले चढशील. रांगबिंग काई नाई."
"अन् सुनंदा?"
"ती येईन ना मांगून. तिले सवय आहे."
सवय. असू दे.

१२ डिसेंबर
सवय कसली ते कपडे वाळत घालताना आठवलं. दिवाळीआधी पुण्याला गेलो होतो. तेव्हा कार्ड चंदेरी होतं. दारावरची मुलगी म्हणाली, कार्डवाले पुढे या, मॅडम त्यांच्या रांगेत थांबतील. ग. म्हणाला, "मी पुढं होऊन बॅगेले जागा धरतो." आणि गेला. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा माणूस, विमानातही तेच करणार. मी हसले होते तेव्हा. आज हसू येत नाही.

१८ डिसेंबर, बंगलोर
पोचलो. नागपूरला जे झालं ते आत्ताच लिहून ठेवते.
सोन्याची रांग लागली. ग. आणि जाऊबाई पुढे. जाऊबाईंना नवी साडी, पायात मोजे, हातात डिंकाच्या लाडवांची पिशवी. मी मागे, लांबलचक रांगेत. तेवढ्यात दारावरच्या मुलानं जाऊबाईंना अडवलं. सोबतीचं नाव सिस्टीममध्ये दिसत नाही म्हणे, सर एकटे जाऊ शकतात. ग.नं मोबाइल दाखवला, आवाज चढवला. तो मुलगा गोड हसत नाहीच म्हणत होता. खरं लिहिते, माझ्या मनात लाडू फुटले. घ्या आता सोनं!
मग ग.नं जाऊबाईंच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघं चालत मागे माझ्यापर्यंत आले.
"तू जाय ना बाप्पा पुढं. मी येते सुनंदासंग."
"नाई. तुले सोडून कसा जाऊ?"
माझ्यासमोर म्हणाला. सहज. तुले सोडून कसा जाऊ.
मी विचारलं, "मग बॅगेला जागा कोण धरणार?" तो हसला, त्याला काही कळलंच नाही. जाऊबाई मात्र हसल्या नाहीत. विमानात मी खिडकीतून ढग बघितले. दोघांचं लाडू कोणत्या डब्यात यावर चाललं होतं.

१९ डिसेंबर
पल्लवी आडवी झाली होती, ग. औषधं आणायला गेलेला. जाऊबाई भाजी निवडत होत्या.
"काऊन वं, कालपासून गप गप आहे?"
सांगायचं नव्हतं. सांगून बसले. पुण्याचं सगळं.
त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "पोट्टं यडंच आहे," म्हणाल्या. बस, एवढंच. कशाला बोलले मी? त्यांच्यासमोर तरी मोठं मन दाखवायचं.

२२ डिसेंबर
पल्लवीला मुलगी. दोघी सुखरूप. आज कोणावरच राग नाही.

२४ डिसेंबर, घरी
परतीला आम्ही दोघंच. जाऊबाई सव्वा महिना तिकडेच राहणार.
बंगलोरला सोन्याची रांग पुकारली. मी पर्स सावरून लांब रांगेकडे निघाले. मागे बघते तर ग. माझ्यामागे.
"अहो, जा ना. तुमची रांग तिकडे आहे."
"नाई, थांबतो तुह्यासंग."
न सांगता! मी काही म्हणजे काही बोलले नव्हते. आमच्या पुढून लोक जात होते, सोनेरी, चंदेरी, लेकुरवाळे, आणि मी नव्या नवरीसारखी लाजत उभी. वरचे कप्पे भरलेले. आमची बॅग पार शेवटी कुठंतरी कोंबली. उतरताना ग. तिच्यासाठी गर्दीत उलटा गेला, दोन-चार जणांची बोलणी खाल्ली. मला इतकं छान कधी वाटलं नव्हतं.
नागपूरला उतरल्यावर पहिला फोन वहिनीला. लावू दे, आज मन मोठं होतं. मग फोन माझ्या हातात दिला.
"थांबला ना वं तो तुह्यासाठी?"
"हो, ताई."
"मीच सांगतलं त्याले. कान धरून सांगतलं, बायकोले मांगं टाकून जाचं नाई. आता काई झालं तं मले सांगत जाजो."
इतक्या मायेनं बोलल्या की चिडायचीही सोय ठेवली नाही. हो ताई म्हटलं आणि फोन परत दिला.
गाडीत ग. म्हणाला, "सोबतीचं नाव बदलता येते. तुह्यं टाकू का आता?"
मी विचारलं, "हेही त्यांनीच सांगितलं का?"
तो रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिला. बुटीबोरी गेली, सेलू गेलं, सावंगीचं वळण आलं. मी पुन्हा विचारलं नाही.