पाल्याचं नाव

सोनबा भावजी,

शेतावरून याल तेव्हा घर उघडंच असेल. ह्यांना घेऊन मी टेम्पोनं नसरापूरला डॉक्टरांकडे चालले आहे.

सकाळी हे तुम्ही वाटून दिलेला पाल्याचा रस प्यायले आणि वर डॉक्टरांची मधुमेहाची गोळी घेतली. थोड्या वेळानं घामानं निथळले, हात कापायला लागले. "आई, गाय सुटली बघ," असं मलाच म्हणत होते. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं तसा तोंडात गूळ घातला. डोळे उघडले, पण मला ओळखलं नाही.

गोळीनं साखर उतरते, तशी पाल्यानंही उतरत असणार. डॉक्टर पहिलं विचारतील, कसला पाला? मी काय सांगू? सासूबाईंनी तो तुम्हाला रानात दाखवला, तेव्हा मला नव्या सुनेला वाटेवरच थांबवलं होतं. म्हणाल्या, "नाव सांगितलं की औषधाचा गुण जातो."

भावजी, त्या पाल्याचा वेल, झुडूप काय असेल ते पानांसकट उपटून घ्या, मिळेल त्या गाडीनं या आणि नाव सांगा. गुण गेला तर जाऊ दे. वर गेल्यावर सासूबाईंनी जाब विचारला, तर वहिनीनं वदवून घेतलं म्हणा.

तुमची वहिनी,
भामा