पैशाचे शब्द लई हायेत

बाई, तुम्ही बदनापूरच्या कॉलेजात आम्हाला इंग्रजी शिकवायला जालन्याहून रेल्वेने यायच्या, त्याला आता खूप वर्षं झाली. परवा माझ्या मुलीचं इंग्रजीचं पुस्तक चाळताना 'कम इन्टू मनी' दिसलं आणि अकरावीचा तो वर्ग आठवला. 'ही केम इन्टू मनी' या वाक्याचा अर्थ तुम्ही मला विचारला होता. मी उभी राहून सांगितलं, "तो पैशाच्या आत आला." सगळा वर्ग हसला. तुम्ही हसल्या नाहीत. तुम्ही विचारलं, "तुझ्या घरी 'पैसे दे' म्हणतात आणि 'पैसे देऊन टाक' म्हणतात. फरक काय?" मी जरा विचार करून म्हणाले, "देऊन टाक म्हंजे एकदाचं मिटव. मंग त्याच्यावर बोलणं न्हाई." तुम्ही फळ्याकडे वळल्या. "बराबर. 'पे' म्हणजे दे आणि 'पे ऑफ' म्हणजे देऊन टाक. शेपटी बदलली की अर्थ बदलतो. हे तुला येतंच. हे वाक्यसुद्धा तसंच बघ, त्याच्या हाती अचानक पैसा आला, बहुतेक वारशाचा." मी खाली बसले तेव्हा पहिल्यांदाच वाटलं, की इंग्रजी ही काही माझ्या घरापासून फार लांबची गोष्ट नाही.

मग रविवारी मी जालन्यात तुमच्या मस्तगडच्या खोलीवर यायला लागले. तुम्ही स्टोव्हवर पिठलं हाटताय, मी पाटावर बसून कांदा चिरतेय आणि तुम्ही एकेक शब्द विचारताय. 'गेट बाय' कुठे वापरशील? मला नाही आलं. तुम्ही म्हणाल्या, "आईला विचारून ये, तिच्या भाषेत." आईला विचारलं, कमी पैशात घर चालतं त्याला काय म्हणतेस? ती म्हणाली, "भागून राह्यलं, दुसरं काय." मग तिलाच चेव आला. चार पैसे मागं टाकले, पैसे उडवले, पैसे दाबले, पैसे अडकले, असं ती जेवण होईपर्यंत सांगत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तुझ्या बाईला म्हणावं, आमच्याकडं पैशाचे शब्द लई हायेत. पैसेच कमी हायेत." हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही इतक्या हसल्या, की पिठलं खाली लागलं. तेच करपलेलं पिठलं आपण खाल्लं आणि 'मागं टाकणे'च्या शेजारी 'पुट बाय' बसवलं.

रागावल्याही होत्या एकदा. मी असे पुष्कळ शब्द पाठ करून तुमच्यापुढे घडाघडा म्हणून दाखवले, तेव्हा. "पाठ केलंस ते परीक्षेपुरतं. जिथे गरज असेल तिथे तोंड उघडलंस, तर ते तुझं." मी हिरमुसून घरी गेल्ते.

पुढे मला जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या एका कंपनीत टायपिस्टची नोकरी लागली. ऑफिसात मी एकटीच बाई. परदेशी पाठवलेल्या बाजरीच्या बियाण्याच्या काही गोण्या वाटेत भिजल्या आणि तिकडच्या व्यापाऱ्याचा फॅक्स आला. हिशेबनीस लग्नाला गेलेले. मालकांनी स्वतःच वाचलं आणि 'राइट ऑफ'वर अडकले. "भिजलेल्या गोण्यांचं लिहून काढलंय म्हणतात. लेखी तक्रार झाली ही." त्यांनी गोदामातल्या काकांना बोलावलं. गोण्या ट्रकमध्ये त्यांनीच भरून दिल्या होत्या. मालक म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." काका हात जोडून बाहेर गेले.

बाई, माझे हात टाइपरायटरवरच थांबले होते. मालकांपुढे मी तोवर कधी आपणहून बोलले नव्हते. तरी उठले. "साहेब, 'राइट ऑफ' म्हंजे तक्रार न्हाई. सोडून देणं. भिजलेल्या गोण्यांचं नुकसान ते सोसून राह्यलेत आणि बाकीचे पैसे चुकते करतो म्हणतात."

"तुला पक्कं माहीत हाये?"

"हो."

त्यांनी तिकडे फोन लावला. लागायला वेळ लागला, तोवर मी तशीच उभी. बोलणं झाल्यावर त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जा, काकांना बोलव जल्दी." काका फाटकापाशी सायकलला डबा अडकवत होते. मी म्हणाले, "काका, चला, साहेब बोलावून राह्यलेत." ते पुढे निवृत्त होईपर्यंत त्याच गोदामात राहिले.

हे मला तुम्हाला त्या संध्याकाळी येऊन सांगायचं होतं. पण आदल्याच उन्हाळ्यात तुम्ही देवाघरी गेल्या होत्या. मी मस्तगडवरून सरळ घरी गेले.

आता माझ्याही हाताखाली मुली आहेत, त्यांना मी परदेशी पत्रं लिहायला शिकवते. त्यांना वाटतं, मला इंग्रजी अगदी सहज येतं. हे पत्र कुठे टाकणार, कपाटातच राहील, दुसरं कुणी वाचणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही म्हणायच्या, एक दिवस तू थेट इंग्रजीत विचार करशील. तो दिवस काही आला नाही, अजूनही मी आधी आईचा शब्द शोधते. आणि खरं सांगू, मी त्याची वाटही बघितली नाही.